पहिल्या पाकिटाची धास्ती

सिंगापूरहून परत आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" लोकांना वाटतं, आता ही बाई ऑर्किडची बाग सांगणार, उंच इमारती सांगणार. काय सांगू कपाळ! मी एक फ्रीज पाहिला, मासे कापायचं एक मशीन पाहिलं आणि हॉस्पिटलातलं एक बाकडं पाहिलं. ज्यांना जायचंय त्यांनी खुशाल जावं. रस्ते चकाचक आहेत, माणसं गुपचूप रांगेत उभी राहतात, खायला तर कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं. मी मात्र तिथला सगळा मुक्काम जीव मुठीत धरून काढला.

मरीन परेड

निनाद हा माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. फूड टेक्नॉलॉजी शिकून तिकडे गेला आणि सॅमन माशाच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर झाला. हा मासा नॉर्वेच्या समुद्रात जाळ्यांत पाळतात आणि बर्फात घालून विमानाने पाठवतात. निनादच्या कारखान्यात त्याला मीठ लावायचे, थंड धुरी द्यायचे, पातळ काप करायचे आणि हवा काढून पाकिटात बंद करायचे. पाकीट फोडायचं आणि तसंच खायचं, चुलीवर चढवायचं नाही.

त्याची बायको मृणाल मालवणची. तिला सातवा महिना लागला होता. तिच्या आईचे गुडघे धरलेले, माझ्या वहिनीचं ऑपरेशन झालेलं, तेव्हा डोहाळजेवणाला जायचं माझ्या वाट्याला आलं. मी पुण्यात एका डेअरीच्या प्रयोगशाळेत जंतू तपासण्यात उभी हयात घालवली आणि नुकतीच निवृत्त झाले. लग्न केलं नाही. वहिनी म्हणते, वन्संनी जंतूंशीच संसार केला.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सुमात्रातल्या जंगलांना लागलेल्या आगींचा धूर समुद्र ओलांडून आला होता आणि निनादच्या फ्लॅटच्या गॅलरीतून समोरची जहाजं पुसट दिसत होती. मी चहा घेत होते. मृणालने फ्रीज उघडला, एक फोडलेलं पाकीट काढलं आणि केशरी-गुलाबी रंगाचा काप भाकरीवर ठेवून खायला लागली.

"अगं, हे काय खातेस?"

"ह्यांच्या कारखान्यातला मासा, आत्या. डोहाळेच लागलेत मला ह्याचे. सुरमईचा वाससुद्धा नको वाटतो, आणि हा मात्र रोज हवा."

"कच्चा?"

"कच्चा कसा? स्मोक्ड आहे. आई पण फोनवर म्हणाली, धुरी दिलीय ना, मग शिजलाच की."

माझ्या हातातला कप बशीवर आपटला. त्या थंड धुरीने माशाला वास लागतो, रंग येतो; जंतू मरत नाहीत. लिस्टेरिया नावाचा एक जंतू आहे. तो मातीत असतो, पाल्यात असतो, ओल्या फरशीच्या भेगेत असतो. बाकीचे जंतू फ्रीजमध्ये गप्प पडतात, हा तिथेही हळूहळू वाढत राहतो. वास येत नाही, चव बदलत नाही. धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही. गर्भारणीला मात्र चार दिवस अंग मोडून ताप येतो आणि पोटातलं मूल हातचं जाऊ शकतं. डेअरीत असताना ह्या एका जंतूला मी जेवढी घाबरले तेवढी कुणाला घाबरले नाही.

संध्याकाळी निनाद घरी आला आणि मी त्याला उंबऱ्यातच धरलं.

"आत्या, आल्या आल्या सुरू झालीस का? प्रत्येक लॉटची टेस्ट होते. रिपोर्ट आल्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही."

"मग हे पाकीट कुठल्या लॉटचं?"

त्यावर साहेब खुलले. उठून कॅमेरा आणला आणि त्याच्या एवढ्याशा पडद्यावर फोटो दाखवला. स्टीलचं कोरं करकरीत मशीन, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, वर झेंडूचा घसघशीत हार, आणि शेजारी दात काढून उभा असलेला हा.

"नवीन स्लायसर. खंडेनवमीला पूजा केली. तशी आमच्या बॉसनी, मिस्टर लिमनी, परवानगी दिली होती, पण बाहेर अंगणात करा म्हणाले. मशीन आत आणि पूजा बाहेर, ह्याला काय अर्थ आहे? सकाळी शिफ्टच्या आधी आत जाऊन हार घातला, फोटो झाल्यावर ओढून काढला, पुसून घेतलं आणि मशीन सुरू केलं. पहिली पाकिटं घरी आणली. नव्या मशीनचं पहिलं फळ घरच्या लक्ष्मीला नको?"

"आणि रिपोर्ट?"

"आला ना. निगेटिव्ह आला."

"आणलीस तेव्हा आला होता?"

त्याने कॅमेरा बंद केला. मृणालने हातातली बशी खाली ठेवली. मी उरलेलं पाकीट प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून फ्रीजरच्या तळाशी टाकलं आणि फ्रीज गरम पाण्याने धुऊन काढला. पण दसऱ्यापासून जे पोटात गेलं होतं ते काही धुता येणार नव्हतं. हा जंतू कधीकधी कित्येक आठवड्यांनी डोकं वर काढतो, हे मी त्या दोघांना सांगितलं नाही. सांगून करणार काय होते?

पुलाउ उबीन

रविवारी निनादने माझं मन रमवायचं ठरवलं. उबीन म्हणजे मुख्य बेटाच्या कडेचं एक छोटं बेट. बंबोट नावाच्या भकभक आवाज करणाऱ्या लाकडी होडीतून जायचं. होडी भरेपर्यंत नावाडी जागचा हलत नाही, ते पाहून मला अगदी आपल्याकडची वडापची जीप आठवली. तिकडे कौलारू घरं, कोंबड्या, फणसाची झाडं. चकाचक सिंगापुरात राहून कंटाळलेली माणसं तिथे धूळ खायला जातात आणि वर सायकलचं भाडं भरतात.

मृणालला होडीत बसवायला मी साफ नकार दिला होता, म्हणून ती घरीच राहिली. धक्क्याजवळच्या दुकानात शहाळं प्यायलो. पाण्यात लाकडी चौकटींना जाळी बांधून मासे पाळलेले दिसत होते. तिथे उभं राहून निनाद हळूच म्हणाला, "आत्या, तुला एक सांगू? त्या लाइनवर फरशीचे, पट्ट्याचे स्वॅब अधूनमधून लिस्टेरियाला पॉझिटिव्ह येतायत. नवीन मशीन आल्यापासून. आम्ही गटारं खरवडून धुतली, औषध बदललं, बूट बदलले. दोन दिवस स्वच्छ येतं, की पुन्हा हजर."

"घरी फोन कर," मी म्हटलं.

"आत्ता? कशाला?"

"ताप आहे का विचार."

त्याने फोन लावला. ताप नव्हता. मृणाल टीव्ही बघत होती आणि उलट मलाच विचारत होती, शहाळं गोड होतं का.

सेरंगून रोड

डोहाळजेवणाच्या खरेदीला मृणालची शेजारीण मला लिटिल इंडियात घेऊन गेली. ह्या अंजलीताई मुंबईच्या, तिकडे बँकेत नोकरीला, आता तिथल्याच नागरिक. सेरंगून रोडवर पाऊल ठेवलं आणि जिवाला बरं वाटलं. हिंग, उदबत्ती, तळणीचा वास, तमिळ गाणी, सगळं एकदम. दिवसरात्र उघडं असणारं एक अजस्र दुकान आहे, त्यात हिरव्या बांगड्यांपासून प्रेशर कुकरच्या रिंगेपर्यंत काय वाटेल ते मिळतं. चितळ्यांची दुकानं दुपारी बंद होतात त्या गावातून आलेल्या बाईला हे पचायला जडच. हिरवी साडी घेतली, खण घेतला, पेढे आणि बर्फी घेतली. पुढे फुलांच्या टपऱ्या होत्या.

"वाडी भरायला शेवंती आणि मोगरा घेऊ या," अंजलीताई म्हणाल्या.

फुलवाला झेंडूचे हार करत होता. पायाशी पाण्याची बादली. त्यात फुलं बुचकळून काढायचा, देठांना माती तशीच, आणि ओल्याच जाड दोऱ्यात ओवायचा. तयार हार ओल्या गोणपाटाखाली ठेवलेले. त्याचं काहीच चुकत नव्हतं. देवाच्या आणि माणसांच्या गळ्यात घालायचे हार असेच करतात. पण माझ्या डोळ्यांसमोर तो फोटो आला. माती, पाला, साचलेलं पाणी, आणि तो हार कच्चा खायचा मासा कापणाऱ्या पात्यावर! मी हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या.

"काय झालं, आत्या? बसताय का जरा?"

"फुलं नकोत," मी म्हटलं. "कापडाची घेऊ."

"कापडाची? डोहाळजेवणाला?"

केसांतल्या गजऱ्याने काही होत नाही, हे मला काय कळत नाही? पण भीतीला कुठे कळतं! सॅटिनची फुलं घेतली, आणि अंजलीताई परतीच्या एमआरटी गाडीत माझ्याकडे सारख्या चोरून बघत होत्या.

वूडलँड्स

कारखाना बेटाच्या उत्तरेला, मलेशियाचा किनारा समोर दिसतो अशा भागात होता. पुण्याच्या डेअरीतल्या तज्ज्ञ म्हणून निनादने माझ्यासाठी परवानगी काढली. मिस्टर लिम पन्नाशीचे, बुटके, हसतमुख. म्हणाले, "आंटी, इनसाइड व्हेरी कोल्ड, हां. यू फील नॉट गुड, यू कम आउट, कॅन?"

पांढरा कोट, जाळीची टोपी, गमबूट, दारात फेसाचं पाणी. आत एकीकडून अख्खे मासे येतात आणि दुसरीकडून पाकिटं जातात. कच्च्याकडचा माणूस पाकिटांकडे फिरकत नाही, त्याच्या कोटाचा रंगही वेगळा. सगळं अगदी पुस्तकात असावं तसं. आमच्या डेअरीत हे करायला मला किती भांडावं लागलं होतं! मनात म्हटलं, एवढा बंदोबस्त करणारी माणसं, आणि माझ्या भाच्याने मागच्या दाराने काय आणून ठेवलं.

नवीन स्लायसर शेवटच्या लाइनवर होतं. शिफ्ट संपली होती, मशीन फेसाने धुऊन झालं होतं, लखलखत होतं.

"हे झाकण काढ," मी निनादला म्हटलं.

"पात्याचं रोज काढतो, आत्या."

"पात्याचं नाही. त्या रुळाच्या टोकाचं, आतलं."

त्याला हत्यारं आणावी लागली, कारण ते झाकण रोज काढायचं नसतंच. स्क्रू फिरवून झाकण बाजूला झालं. रुळाच्या दांड्याला, अगदी आत, ओल्या दोऱ्याचे वेढे बसले होते. काळपट, बुळबुळीत. एका गाठीत देठाचा तुकडा अडकलेला होता.

निनाद खाली उकिडवा बसला. मशीन फिरलं की दोरा फिरणार, त्यातली ओल पट्ट्यावर उडणार, आणि रात्री कितीही फेस मारला तरी दोरा आत सुखरूप. गटारं खरवडून काय होणार होतं?

"पण लॉटचा रिपोर्ट निगेटिव्ह होता," तो पुटपुटला.

"किती पाकिटं तपासलीत? मूठभर. खिचडीत खडा असला तर चार घासांत लागतोच असं नाही रे."

"आत्या, त्या मशीनवरचा सगळा माल फ्रीजरमध्ये ठेवलाय. ख्रिसमसच्या हॅम्परांसाठी."

"मग लिमना सांग. आत्ता सांग."

त्याने मान हलवली. दोरा पिशवीत घालून तपासायला दिला, मशीन पूर्ण उघडायला सांगितलं. पण बाहेर आल्यावर लिमना एवढंच म्हणाला की रुळात काहीतरी अडकलेलं सापडलं. हाराचं बोलला नाही, घरी नेलेल्या पाकिटांचं तर नाहीच. टॅक्सीत मला म्हणाला, "एम्प्लॉयमेंट पास जाईल, आत्या, देश सोडावा लागेल. मृणालची डिलिव्हरी तोंडावर आहे. दोऱ्याचा रिपोर्ट येऊ दे, मग बघतो."

मी घरी येऊन फ्रीज पुन्हा एकदा धुऊन काढला.

डोहाळजेवण

शनिवारी दुपारी बायका जमल्या. पुण्या-मुंबईच्या, नोकरी करणाऱ्या, नटून आलेल्या. हिरव्या साडीत, सॅटिनच्या वाडीत मृणाल गोड दिसत होती. कुणी ओटी भरली, कुणी गाणं म्हटलं, अंजलीताईंच्या मुलीला पाळणा काही पाठ नव्हता तर ती म्हणाली, "आय कॅनॉट लाह, आंटी, यू सिंग." दोन वाट्या पालथ्या घातल्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. मृणालने वाटी उचलली, बर्फी निघाली. मुलगी, मुलगी, म्हणून सगळ्यांनी एकच गिल्ला केला. मी सुद्धा हसले. क्षणभर विसरलेच होते बघा.

तेवढ्यात मृणाल म्हणाली, "आत्या, एसी कमी करता का? हुडहुडी भरलीय."

मी तिच्या मनगटाला हात लावला. चटका बसला.

सार्सच्या साथीत सरकारने वाटलेला थर्मामीटर घरात होता. ताप अडतीसच्या बराच वर. बायका म्हणाल्या, धुराची हवा आहे, दगदग झाली, दृष्ट लागली असेल. मी मीठमोहऱ्या शोधल्या नाहीत. फ्रीजरमधलं ते पाकीट काढलं, पिशवीत घातलं आणि निनादला म्हटलं, "टॅक्सी बोलाव."

हॉस्पिटलात तरुण चिनी डॉक्टरीणबाई होत्या. शांत, चटपटीत. घसा पाहिला, पाठ तपासली, पोटाला पट्टा लावला. बाळाचे ठोके फार वेगाने पडत होते. "बहुतेक व्हायरल आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "हल्ली खूप आहे. ताप उतरवू, लक्ष ठेवू. बाहेरचं काही खाल्लं होतं? कच्चं मांस, कच्चा मासा, मऊ चीज?"

निनाद चटकन म्हणाला, "नो, डॉक्टर. आम्ही इंडियन. घरी सगळं शिजवलेलंच."

मी त्याच्याकडे पाहतच राहिले. लहानपणी ह्याला मांडीवर घेऊन भरवलं मी, आणि हा बायकोच्या उशाशी उभा राहून हे बोलतो? मी तोंड उघडणार तोच मृणालने कोपरावर उठून बसायचा प्रयत्न केला. थंडीने तिचे दात वाजत होते.

"निनाद, बाळ माझ्या पोटात आहे," ती म्हणाली. "तू सांगतोस की मी सांगू?"

तो भिंतीला टेकला. डोळ्यांना घळाघळा पाणी. मग त्याने सगळं सांगितलं. हार, मशीन, पाकिटं, दोरा, सगळं. मी पाकीट टेबलावर ठेवलं आणि लिस्टेरिया हा शब्द उच्चारला. डॉक्टरीणबाईंचा चेहराच बदलला. एक प्रश्नही जास्त न विचारता त्यांनी रक्त तपासणीला पाठवलं आणि रिपोर्टची वाट न पाहता सलाइनमधून अँपिसिलिन सुरू केलं.

निनाद तिथून थेट बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसला आणि मोबाइलवरून लिमना फोन लावला. मी शेजारीच होते, पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ख्रिसमस लॉट, ऑल फ्रॉम दॅट मशीन?"

"येस, सर."

"ओके. आय स्टॉप एव्हरीथिंग." मग आवाज उतरवून म्हणाले, "यू ब्रोक द रूल, निनाद. यू अँड मी, वी टॉक लेटर. हाउ इज युअर वाइफ?"

बाकडं

रक्तात लिस्टेरिया निघाला. दोऱ्यातही निघाला. फ्रीजरमधल्या खोक्यांतून ह्या खेपेला पुष्कळ पाकिटं तपासली, तेव्हा काहींत सापडला आणि सगळा माल नष्ट केला. निनादची नोकरी गेली. मूल होईपर्यंत राहता यावं म्हणून लिमनीच धावपळ करून मुदत मिळवून दिली. कारखान्यात नंतर पूजाच बंद, असा सक्त नियम झाला म्हणे. मला विचाराल तर पूजा बंद करायचं काही कारण नव्हतं. कारखान्यात देवाला कोण नको म्हणतंय? ओल्या फुलाला दाराबाहेर ठेवा म्हणजे झालं.

पण हे सगळं मला इकडून तिकडून कळत होतं. मी त्या बाकड्यावर बसून असायचे. ताप उतरला तरी औषध चालू होतं, आणि पोटातल्या जिवापर्यंत काय पोचलं आहे ते कुणीच सांगू शकत नव्हतं. ठोके मोजायला नर्स आली की मी उठून दारात उभी राहायचे. खालच्या फूड कोर्टातून अंजलीताई गरम भात आणि टोफूची भाजी आणायच्या, ते मी वाफ येतेय ना पाहून मृणालला भरवायचे. मृणाल माझ्याशी बोलायची, नर्सशी बोलायची. निनादशी एक शब्द बोलत नव्हती. तो पायथ्याशी उभा राहायचा आणि निघून जायचा.

आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. आधी रडलीच नाही. आत काय चाललंय ते बाहेर कळेना, आणि मी दाराच्या काचेला नाक लावून उभी. मग एक बारीकसा, चिरका आवाज आला.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वारेवर पांढरे ठिपके होते, म्हणाल्या. जंतू तिथपर्यंत पोचला होता. औषध सुरू व्हायला आणखी उशीर झाला असता तर... त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं, सुया टोचल्या, रक्त तपासायला नेलं. ते दिवस कसे गेले मी लिहीत नाही. मला अजून ते नीट आठवू देत नाही मन.

बाळाचं रक्त स्वच्छ निघालं.

पेटीतून बाहेर काढायची परवानगी मिळाली त्या सकाळी मृणाल खुर्चीत बसली होती. नर्सने मुलगी तिच्या कुशीत दिली. एवढीशी, लालबुंद, मुठी आवळलेल्या. निनाद दारातच थांबला होता, आत यायचा त्याला धीर होत नव्हता. मृणाल बराच वेळ पोरीकडे बघत राहिली. मग मान वर न करता म्हणाली,

"हात धुऊन ये, आणि घे हिला."

निनाद बेसिनपाशी गेला. साबण लावून हात कोपरापर्यंत धुतले, नखं घासली, पुन्हा साबण लावला. त्याचे खांदे हलत होते. नर्स म्हणाली, "इनफ, सर, इनफ," तरी तो धूतच राहिला.